सूत्र ओळीत मावेना

सरांच्या पुस्तकाची फाइल माझ्याकडे आली ती ए-फोर कागदाच्या मापाची. संख्या सिद्धांतावरचं मराठी पुस्तक, पदवीच्या मुलांसाठी. सरांच्या एका विद्यार्थ्याने ते लाटेकमध्ये, म्हणजे गणिताच्या अक्षरजुळणीच्या संगणक-प्रणालीत, नीट टंकून दिलेलं होतं आणि सोळा सेंटिमीटरच्या रुंद ओळीत सगळी सूत्रं ऐसपैस बसली होती. प्रकाशकांना मात्र पुस्तक डेमी आकारात हवं होतं, आणि सोळा पानांच्या बारा फर्म्यांत, म्हणजे १९२ पानांत. मी साताऱ्यात घरीच अक्षरजुळणी करते. कादंबऱ्या, दिवाळी अंक, प्रबंध असं काम सतत चालू असतं. गणिताची पुस्तकं याआधी दोनच केली होती, आणि त्या दोन्हींत सूत्रं मोठी असली की स्वतंत्र ओळीवर मधोमध टाकलेली होती. त्यामुळे पानाचं माप बदलायला किती वेळ लागणार, असं मला वाटलं.

माप बदललं, ओळीची रुंदी १०.८ सेंटिमीटरवर आणली आणि फाइल चालवली. लॉगमध्ये, म्हणजे लाटेकच्या अहवालात, ‘ओव्हरफुल’ (ओळीत मावलं नाही) असं म्हणणाऱ्या ११२ तक्रारी होत्या. एकेक उघडून पाहिली. साध्या मजकुराच्या चार-पाच, बाकी सगळ्या वाक्यात ओवलेल्या सूत्रांच्या. तेविसाव्या पानावर एक सूत्र १७ पॉइंट बाहेर आलं होतं. १७ पॉइंट म्हणजे जवळजवळ सहा मिलिमीटर. पान बघितल्यावर डोळा आधी तिथेच जायचा: सगळ्या ओळी उजवीकडे एका रेषेत थांबलेल्या आणि मधली एक ओळ समासात घुसलेली.

पहिला उपाय मी केला तो घाईचा. लाटेकमध्ये ‘स्लॉपी’ नावाची एक आज्ञा आहे. ती दिली की ओळ किती सैल सोडायची याची मर्यादा जवळजवळ उठते आणि शब्दांमधल्या जागा हव्या तेवढ्या ताणल्या जातात. तक्रारी एकदम विसाच्या आत आल्या. मी प्रिंट काढून सरांना पाठवली. चार दिवसांनी सर स्वतःच कऱ्हाडहून एसटीने आले, पिशवीत ती प्रिंट आणि एक लाल बॉलपेन घेऊन. त्यांनी पहिल्यांदा सूत्रांकडे बोट दाखवलंच नाही. एका ओळीवर पेन टेकवून म्हणाले, “हे वाक्य विरलंय बघा.”

खरंच विरलं होतं. पुढच्या ओळीवर ढकललेल्या सूत्राची जागा भरून काढायला चार शब्द अख्ख्या ओळीभर पसरले होते. रोमन लिपीत अशी ओळ वाईट दिसतेच, पण देवनागरीत ती जास्त खुपते, कारण शिरोरेषा. शब्दावरची रेघ एका ठिकाणी संपते, मोठी फट पडते, पुन्हा रेघ सुरू होते. लांबून पाहिलं तर ओळीला भोकं पडल्यासारखी दिसतात. शिवाय मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच लिहायची, त्यामुळे ‘विभाज्यतेसंबंधीच्या’सारखा शब्द एकटाच ओळीचा चौथा हिस्सा खातो. इंग्रजीत असा शब्द आडवी रेघ देऊन मधेच तोडता येतो, मराठी पुस्तकात आपण तसं सहसा करत नाही. म्हणजे ओळ भरायला हाताशी असतात त्या फक्त शब्दांमधल्या जागा, आणि त्याही थोड्या.

स्लॉपी काढून टाकलं. मग दुसरी चूक केली. प्रत्येक लांब सूत्रात मला बरी वाटेल तिथे सक्तीची ओळतोड घातली. ‘लाइनब्रेक’ लिहायचं, ओळ तिथे तुटते. दोन रात्री बसून सगळी सूत्रं अशी हाताने तोडली. फाइल स्वच्छ झाली, लॉगमध्ये एकही तक्रार नाही. सरांकडे दुसरं प्रूफ गेलं आणि दुरुस्त्या होऊन परत आलं. कुठे ‘म्हणून’ काढलेलं, कुठे ‘धन पूर्णांक’ या शब्दांची भर, कुठे एक वाक्य वर सरकवलेलं. हे होणारच, प्रूफ त्यासाठीच असतं. पण दुरुस्त्या घालून फाइल चालवली आणि माझे सगळे हुकूम चुकीच्या जागी पडले. जिथे ओळीच्या शेवटी सूत्र तुटत होतं तिथे आता ते ओळीच्या मध्यावर तुटत होतं, आणि अर्ध्या ओळीचे शब्द ताणून पूर्ण ओळभर पसरले जात होते. आधीच्यापेक्षा वाईट अवस्था. दोन रात्रींचं काम एकेक करून उपसून काढावं लागलं.

त्यानंतर मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं की हे यंत्र ओळ तोडतं कसं. हे आधीच करायला हवं होतं.

लाटेकच्या पोटात टेक नावाची मूळ प्रणाली आहे, संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी केलेली. १९७७ साली त्यांच्या स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या फोटोटाइपसेटिंगवर केलेली प्रुफं हातात आली. आधीच्या आवृत्तीच्या धातूच्या खिळ्यांच्या छपाईपुढे ती त्यांना इतकी निकृष्ट वाटली, की त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. ओळी तोडण्याची तिची रीत नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली लेख लिहून मांडली. तिचं वैशिष्ट्य असं, की टेक एकेक ओळ भरत खाली जात नाही. अख्खा परिच्छेद समोर ठेवतं, तोडता येण्यासारख्या सगळ्या जागा बघतं आणि प्रत्येक शक्य मांडणीला दंड लावून बेरीज करतं. सगळ्यात कमी दंडाची मांडणी निवडली जाते. म्हणून तिसऱ्या ओळीतला एक शब्द बदलला की पहिली ओळही वेगळी तुटू शकते. माझी हाताने घातलेली सक्ती या हिशोबाच्या मधे धोंड्यासारखी पडत होती.

सूत्रांच्या बाबतीत नियम थोडे आहेत. वाक्यातल्या सूत्रात टेक स्वतःहून दोनच प्रकारच्या जागी ओळ तोडतं: संबंध दाखवणाऱ्या चिन्हानंतर, म्हणजे बरोबर, लहान-मोठे, ‘चा घटक आहे’ वगैरे, आणि अधिक, वजा, गुणिले अशा क्रियाचिन्हानंतर. पहिल्याला दंड ५००, दुसऱ्याला ७००. स्वल्पविरामानंतर तुटत नाही, भागाकाराच्या तिरप्या रेघेनंतर तुटत नाही, दोन कंस शेजारी-शेजारी असले तर त्यांच्यामध्येही तुटत नाही.

आता ५०० हा आकडा ऐकायला लहान वाटतो, म्हणून मी कागदावर हिशोब करून पाहिला. हिशोबात या दंडाचा वर्ग धरतात. ५०० चा वर्ग २,५०,०००. ओळ सैल असेल तर तिच्या सैलपणाच्या आकड्यात १० मिळवून त्याचा वर्ग. लाटेक सर्वसाधारणपणे २०० पर्यंतचा सैलपणा चालवून घेतं, म्हणजे सगळ्यात सैल ओळीला २१० चा वर्ग, ४४,१००. पाच ओळी अशा विरलेल्या सोडल्या तरी बेरीज २,२०,५०० होते, बरोबरच्या चिन्हापाशी एकदा तोडण्यापेक्षा कमी. टेकच्या दृष्टीने सूत्र तोडणं हा जवळजवळ गुन्हाच आहे. ते आधी आजूबाजूचं सगळं वाक्य ताणून पाहील, आणि ताणायलाही जागा उरली नाही की मग कुठे सूत्राला हात लावेल. इंग्रजीच्या रुंद ओळीसाठी हे योग्यच आहे, तिथे शब्दही तोडायला मिळतात. पण १०.८ सेंटिमीटरच्या मराठी ओळीत शब्द तुटत नाहीत आणि सूत्रही तुटेना, म्हणून ११२ तक्रारी.

मी बरोबरचा दंड १५० वर आणला आणि क्रियाचिन्हांचा ४०० वर. वर्ग केला की २२,५०० आणि १,६०,०००. म्हणजे बरोबरपाशी तोडणं आता एका बऱ्यापैकी सैल ओळीइतकं स्वस्त, आणि अधिक-वजापाशी तोडणं अजूनही महाग. तक्रारी निम्म्यावर आल्या आणि वाक्यं विरली नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की काम हातात येतंय.

उरलेल्या निम्म्यांचं कारण वेगळं निघालं. सरांच्या विद्यार्थ्याने प्रत्येक कंस ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ या जोडीने लिहिला होता. ही जोडी आतल्या मजकुराच्या उंचीप्रमाणे कंस लहान-मोठा करते, म्हणून शिकणारी मुलं सरसकट तीच वापरतात. पण त्या जोडीच्या आतलं सगळं टेकच्या लेखी एक बंद पेटी होतं. ती पेटी कुठेही तुटत नाही, आतल्या जागा ताणल्याही जात नाहीत. फाइलमध्ये महिरपी कंसात (हे कंस छापले जात नाहीत) घातलेल्या भागाचंही तसंच. मी सगळे ‘लेफ्ट-राइट’ शोधून वाक्यातल्या सूत्रांतून काढले आणि साधे कंस ठेवले. जिथे उंच कंस हवाच होता तिथे ‘बिगएल’ आणि ‘बिगआर’. स्वतंत्र ओळीवरच्या सूत्रांना हात लावला नाही.

पेट्या उघडल्या आणि लगेच दुसरी अडचण आली. सरांच्या चौथ्या प्रकरणात ब्रह्मगुप्ताची सुप्रसिद्ध सर्वसमानता आहे, इसवी सन ६२८ च्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’तली, जिला पुढे ‘भावना’ म्हणून ओळखलं गेलं. पुस्तकात चलांना रोमन अक्षरं आहेत, इथे मी मराठीत लिहिते:

(अ² + नब²)(क² + नड²) = (अक − नबड)² + न(अड + बक)²

हे सूत्र सरांनी मुद्दाम वाक्यात ओवलं होतं, कारण त्याच वाक्यात पुढे ५ आणि १३ या संख्यांवरून ६५ = ४² + ७² कसं मिळतं ते सांगायचं होतं. आता ते तुटलं, पण कसं? पहिल्या ओळीच्या शेवटी ‘(अ² + नब²)(क² +’ आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘नड²) = …’. टेकच्या नियमाने यात काही चूक नाही. साधा गोल कंस त्याच्या लेखी फक्त एक खूण आहे. कंसाच्या आतलं अधिक आणि बाहेरचं अधिक दोन्ही ४०० चेच. पण वाचणाऱ्याला ओळीच्या शेवटी उघडा कंस सापडतो आणि तो बंद कुठे होतो ते खाली जाऊन शोधावं लागतं.

हे पान घेऊन मी सरांकडे गेले. म्हटलं, “सर, हे तुम्ही मला मोठ्याने वाचून दाखवाल का? वर्गात वाचायचात तसं.” त्यांनी चष्मा वर केला आणि वाचायला लागले. “कंसात अ वर्ग अधिक न ब वर्ग, गुणिले कंसात क वर्ग अधिक न ड वर्ग, बरोबर…” इथे ते थांबले, श्वास घेतला. “…कंसात अ क वजा न ब ड, कंसाचा वर्ग, अधिक न गुणिले कंसात अ ड अधिक ब क, कंसाचा वर्ग.” मी पेन्सिलने त्यांच्या थांब्यांच्या खुणा करत होते. सगळ्यात मोठा थांबा बरोबरनंतर. त्याहून छोटा उजव्या बाजूच्या दोन वर्गांमधल्या ‘अधिक’पाशी. आणि एक अगदी बारीक, दोन कंसांच्या मधे, ‘गुणिले’च्या आधी. कंसाच्या आत ते एकदाही थांबले नाहीत.

आणखी एक गोष्ट ऐकताना लक्षात आली. दोन कंसांमध्ये कागदावर कोणतंही चिन्ह नव्हतं, तरी सर ‘गुणिले’ म्हणाले. म्हणजे तिथे ओळ तोडायची असेल तर ते ‘गुणिले’ छापावं लागेल. नाहीतर पहिल्या ओळीच्या शेवटी एक पूर्ण कंस, खालच्या ओळीत दुसरा पूर्ण कंस, आणि वाचणाऱ्याला त्या दोन सुट्या राशी वाटतील.

नूथ यांनी याची सोय मुळातच केलेली आहे. टेकमध्ये उलटी तिरपी रेघ आणि तारकाचिन्ह (*) मिळून एक आज्ञा आहे: ओळ तिथे तुटली तरच गुणिलेचं चिन्ह ओळीच्या शेवटी छापलं जातं, तुटली नाही तर काहीच दिसत नाही. शब्द तोडताना येणाऱ्या आडव्या रेघेसारखंच हे. मी झीलाटेकवर, म्हणजे लाटेकच्या युनिकोड टंक वापरणाऱ्या रूपावर, काम करते, मजकुरासाठी आयआयटी मुंबईचा शोभिका टंक आणि गणितासाठी युनिकोड टंक होता, आणि ती जुनी आज्ञा चिन्ह जुन्या पद्धतीने टंकातून उचलते. म्हणून तशीच स्वतःची छोटी आज्ञा तयार केली आणि शेजारी-शेजारी कंस असलेल्या सगळ्या जागी घातली. कंसांच्या आतल्या बेरजा महिरपी कंसांत बांधल्या, म्हणजे त्या पुन्हा पेट्या झाल्या. पण या वेळी मी निवडलेल्या, कंसाएवढ्याच लहान.

आणि काहीच झालं नाही. सूत्र दोन कंसांमध्ये कुठेच तुटेना. पूर्ण दोन दिवस यात गेले. आज्ञा चुकली असेल म्हणून ती पाच प्रकारे लिहून पाहिली. एका नव्या कोऱ्या छोट्या फाइलमध्ये चालवली तर चोख चालत होती. पुस्तकाच्या फाइलमध्ये नाही. शेवटी पुस्तकाच्या फाइलचा वरचा भाग ओळीओळीने कापत खाली आले तेव्हा सापडलं. मराठी शब्द तुटू नयेत म्हणून मी अगदी सुरुवातीलाच ‘हायफनपेनल्टी’ १०,००० केली होती. टेकमध्ये १०,००० म्हणजे सक्त मनाई. आणि ‘तुटलं तर चिन्ह छाप’ या प्रकारच्या जागेला टेक जो दंड लावतं तो नेमका हाच, हायफनचा. मी शब्दांसाठी लावलेलं कुलूप सूत्रांनाही लागलं होतं.

कुलूप काढलं. शब्दांसाठी वेगळा उपाय केला: शब्दाच्या सुरुवातीची किमान किती अक्षरं एकत्र राहिली पाहिजेत तो आकडा इतका मोठा केला की कोणताच शब्द तुटण्याच्या लायकीचा उरला नाही. मग हायफनचा दंड फक्त माझ्या त्या गुणिलेपुरता उरला. तो मुळातल्या ५० वर ठेवला असता तर टेकने बरोबरपेक्षा आधी कंसांमध्येच तोडलं असतं, वर्ग केवळ २,५००. सरांच्या श्वासाच्या क्रमाप्रमाणे तो सगळ्यात शेवटी हवा होता, म्हणून ५०० केला. बरोबर १५०, अधिक-वजा ४००, न छापलेलं गुणिले ५००. सरांच्या वाचनातले तीन थांबे फाइलच्या तीन आकड्यांत बसले. मला या कामात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

चिन्ह ओळीच्या शेवटी की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, यावर सरांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांना सुरुवातीला हवं होतं, कारण फळ्यावर ते तसंच लिहीत आले. मी त्यांना दाखवलं की स्वतंत्र ओळीवरच्या मोठ्या सूत्रात तसंच करायचं असतं, चिन्हाच्या आधी तोडायचं. नूथही तेच सांगतात. पण वाक्यातल्या सूत्रात चिन्हानंतर तोडायचं. ओळीच्या शेवटी लोंबकळणारं ‘बरोबर’ किंवा ‘अधिक’ दिसलं की डोळ्याला कळतं, अजून संपलेलं नाही. तेच चिन्ह खालच्या ओळीत गेलं तर वरची ओळ पूर्ण वाटते. रशियन गणिती छपाईत तर चिन्ह दोन्हीकडे छापतात, वरच्या ओळीच्या शेवटी आणि खालच्या ओळीच्या सुरुवातीलाही. सरांना ती रीत आवडली. पण आपल्या विद्यार्थ्याला तिची सवय नाही, आणि वजा दोनदा दिसलं तर तो दोन वजा समजून चिन्ह बदलेल, ही माझी भीती त्यांना पटली.

स्वल्पविरामांनी वेगळा त्रास दिला. ‘अ१, अ२, अ३, …, अन या संख्या’ (‘अन’ म्हणजे न-वी संख्या) अशी यादी एकाच सूत्रात टंकली असेल तर ती कितीही लांब असो, तुटत नाही. खरं तर यादीतली प्रत्येक संख्या सुटं सूत्र म्हणून लिहावी आणि स्वल्पविराम साध्या मजकुरात ठेवावा, म्हणजे तो वाक्याचा स्वल्पविराम होतो आणि त्याच्यामागच्या मोकळ्या जागेत ओळ आपोआप तुटते. पण अशा शेकडो याद्या होत्या. मी एक युक्ती वापरली: गणितातला स्वल्पविराम सगळीकडे ‘सक्रिय’ करून त्याच्यामागे तोडायची परवानगी जोडली. चार ओळींचं काम, आणि उरलेल्या तक्रारी पटापट गळल्या. मी खूश होते. तिसऱ्या प्रुफात सरांनी सहाव्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लाल वर्तुळ केलं. महत्तम सामाईक विभाजक दाखवायला संख्या सिद्धांतात नुसतं (अ, ब) लिहितात. तो कंस दोन ओळींत फाटला होता: वर ‘(अ,’ आणि खाली ‘ब) = १’. पुढे एका ठिकाणी १,००,००० ही संख्यासुद्धा ‘१,’ वर आणि ‘००,०००’ खाली अशी छापली गेली होती. लॉगमध्ये यातलं काहीच दिसत नव्हतं, कारण ओळी अगदी मापात होत्या.

युक्ती काढली आणि याद्या हाताने सुट्या केल्या. त्याला चार दिवस लागले, पण यादी कुठली, जोडी कुठली आणि संख्या कुठली हे पाहणाऱ्यालाच कळतं. प्रत्येक यादीच्या शेवटी ‘… आणि अन’ हा तुकडा एकत्र बांधला. नाहीतर ‘अन’ एकटंच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येऊन बसतं. बेरजांनाही हेच केलं: ‘अ१ + अ२ + ⋯ + अन’ मध्ये शेवटचं ‘⋯ + अन’ एका पेटीत.

प्रत्ययांबद्दल लिहायलाच हवं, कारण हा प्रश्न आपल्या भाषेचाच आहे आणि इंग्रजी मार्गदर्शनात याचं उत्तर कुठून मिळणार? आपण सूत्राला प्रत्यय लावतो: ‘न(अड + बक)²च्यापेक्षाही लहान’. सूत्र आणि प्रत्यय यांच्यात मोकळी जागा नाही, म्हणजे टेक तिथे तोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. एकटं ‘च्यापेक्षाही’ ओळीच्या सुरुवातीला कोण वाचेल? पण त्यामुळे सूत्राचा शेवटचा न तुटणारा तुकडा आणखी चार अक्षरांनी लांबतो. माझ्या तक्रारींपैकी शेवटच्या तीसेक अशाच होत्या. यावर फाइलमध्ये उपाय नव्हता, वाक्यात होता. मी सरांना सुचवलं की लांब सूत्राला थेट प्रत्यय लावायचाच नाही. मधे एक नाम घालायचं. ‘…या राशीपेक्षाही लहान’, ‘…या समीकरणाच्या उकली’, ‘…या संचात’. सर आधी थोडे नाराज झाले, वाक्यं त्यांची होती. मग तीनचार वाक्यं नव्या पद्धतीने वाचून पाहिली आणि म्हणाले, “असंच ठेवा. मुलाला आपण कशाबद्दल बोलतोय तेही कळेल.” नुसत्या ‘क्षच्या’, ‘नला’ अशा छोट्या जागा तशाच ठेवल्या.

मला कुणी विचारतं की एवढा खटाटोप करण्यापेक्षा सगळी लांब सूत्रं सरळ स्वतंत्र ओळीवर का नाही टाकली. टाकली की काही. जी सूत्रं पुढे पुन्हा लागणार होती, ज्यांना क्रमांक हवा होता, ती सगळी बाहेर काढली. पण प्रत्येक सूत्र बाहेर काढलं की वर-खाली जागा जाते. एकदा सगळी काढून पाहिली तेव्हा पुस्तक १९२ पानांवरून २०१ वर गेलं, म्हणजे तेरावा फर्मा आणि त्यात सात कोरी पानं. खर्चाचं सोडा, सिद्धतेचं वाक्यही तुटक होत होतं. सरांची सिद्धता ओघात चालते: ‘हे असं आहे, म्हणून ते तसं, पण ते तर याच्याइतकं’. दर पावलाला सूत्र मधोमध मांडलं तर वाचणारा प्रत्येक वेळी थांबतो.

शेवटी एक सूत्र उरलं, एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर. ब्रह्मगुप्ताच्या सर्वसमानतेचाच उपयोग, पण तीन गुणकांचा. बरोबरचं चिन्ह ओळीच्या शेवटाच्या जेमतेम पलीकडे पडत होतं, लॉगमध्ये ४.२ पॉइंट. त्यामुळे एकतर उजवीकडे दीड मिलिमीटर बाहेर, नाहीतर गुणिलेपाशी तुटून खालची ओळ गर्दीची. दंडाचे आकडे त्या एका परिच्छेदापुरते बदलून पाहिले, तर वरची ओळ विरली. फोनवर सरांना ओळ वाचून दाखवली: “यावरून आपल्याला सहजच असे दिसते की…” आणि पुढे सूत्र.

“‘सहजच’ काढा,” सर म्हणाले. “मला लिहितानाही ते नको वाटलं होतं. मुलांना सहज दिसत नाही ते.”

काढलं, फाइल चालवली. सूत्र तेवढंच डावीकडे सरकलं, ‘बरोबर’ ओळीच्या अगदी शेवटी येऊन थांबलं आणि उजवी बाजू पूर्ण खालच्या ओळीत गेली. लॉगमध्ये काही नव्हतं. मी ते पान फोनवरच सरांना पाठवलं आणि लाइन चालूच ठेवली. पलीकडून त्यांचा वाचण्याचा आवाज येत होता. कंसात, गुणिले कंसात, गुणिले कंसात, बरोबर. श्वास घेतला आणि पुढे वाचू लागले.